मुलाखतीची संहिता : नभोवाणीच्या पूर्वतयारीचा एक इतिहास

नभोवाणीवरील मुलाखत श्रोत्याला सहज गप्पांसारखी वाटते. तिचा पूर्वेतिहास मात्र कागदावर आहे. १९२७ मध्ये हिल्डा मॅथेसन यांनी बी.बी.सी.च्या भाषण-विभागाची सूत्रे घेतली, तेव्हा वक्ते सभेतले व्याख्यान किंवा छापील निबंध जसाच्या तसा मायक्रोफोनपुढे वाचत. श्रोते लाखो असले तरी ऐकणारा प्रत्येक जण आपल्या घरात एकटाच असतो, हे मॅथेसन यांनी ओळखले. वक्त्याने संहिता लिहावी, ती मोठ्याने वाचून पाहावी, कानाला जड वाटणारी वाक्ये बदलावीत आणि तालीम करावी, असा त्यांचा आग्रह असे. बोलणे उत्स्फूर्त वाटावे म्हणून आधी लिहायचे! हा विरोधाभास वरवरचा आहे. नाटकाच्या अभ्यासकाला तो नवा नाही.

याच विभागात त्यांच्या हाताखाली काम केलेले लायोनेल फील्डन १९३५ मध्ये भारताचे नभोवाणी-नियंत्रक म्हणून दिल्लीस आले. पुढच्याच वर्षी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले.

युद्धकाळात मात्र संहितेचा अर्थ पालटला. जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात बी.बी.सी.च्या पूर्व विभागात भारतासाठी कार्यक्रम रचीत होते. तेथे प्रत्येक शब्द प्रक्षेपणापूर्वी परीक्षकांच्या नजरेखालून जाई, आणि वक्ता मंजूर मजकुरापासून ढळल्यास प्रक्षेपण तोडण्याची सोय असे. मॅथेसन यांच्या टेबलावरची संहिता आणि परीक्षकाच्या टेबलावरची संहिता दिसायला सारखीच. पहिली वक्त्याचा संकोच घालवण्यासाठी होती, दुसरी त्याला बांधून ठेवण्यासाठी. प्रसारणाच्या इतिहासात हा भेद पुरेसा स्पष्ट केला जात नाही, ही उणीवच म्हटली पाहिजे.

१९४२ मध्ये ऑर्वेल यांनी जोनाथन स्विफ्ट यांची काल्पनिक मुलाखत लिहून प्रसारित केली. स्विफ्ट यांचे निधन १७४५ मधले. तेव्हा प्रश्न आणि उत्तरे दोन्ही ऑर्वेल यांच्याच लेखणीतली. मुलाखतीची पूर्वतयारी याहून संपूर्ण असू शकत नाही. तरीही मानवजातीविषयी आशा बाळगावी की नाही, यावरचा त्यातील मतभेद खरा आहे.

मराठीतील ‘मुलाखत’ या शब्दाचा मूळ अर्थ भेट. युद्धोत्तर काळात ध्वनिफीत रुळल्यावर ही भेट पूर्ण संहितेविना होऊ लागली. मुलाखतकाराने वाचन करून प्रश्नांचा क्रम ठरवायचा, पाहुण्याने दोन-तीन मुद्दे व एखादे उदाहरण मनाशी पक्के करायचे; बाकीचे कात्रीवर. ती कात्री पाहुण्याच्या हाती नसे. पूर्वी निदान काय प्रसारित होणार, हे त्याला आधी ठाऊक असे.