देवराष्ट्र्याचे घर आणि आपण सीमावासीय

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे सागरेश्वराच्या डोंगराजवळचे गाव. तेथील आजोळच्या साध्या घरी १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला. महाराष्ट्र शासनाने ती वास्तू स्मारक म्हणून जतन केली आहे. मराठी मुलखात जतन झालेल्या वास्तू बहुधा गड, वाडे आणि मंदिरे. त्यांच्या मालिकेत एका शेतकरी कुटुंबाचे घर यावे, ही विसाव्या शतकातील लोकशाहीची साक्ष होय.

वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. आई विठाबाईंनी मोठ्या कष्टाने मुलांना वाढविले. देवराष्ट्रे, मग कराडचे टिळक हायस्कूल, कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय आणि १९३८ साली बी. ए. ही पदवी, असा हा प्रवास झाला. पुढे तो दिल्लीपर्यंत गेला.

आपणां सीमावासीयांचे या घराशी असलेले नाते मात्र सरळ नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच दिवशी बेळगाव-निपाणीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १ मे १९६० चा मंगलकलश सीमेच्या अलीकडे पोहोचला नाही. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास द्यावी, बेळगाव म्हैसुरातच ठेवावे, अशी शिफारस केली, तेव्हा यशवंतराव केंद्रीय गृहमंत्री होते. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ साली त्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

म्हणून त्या उंबरठ्यावर आपल्या मनात आदर आणि खंत एकत्र दाटून येतात. दोन्ही भावना प्रामाणिक आहेत. एकीसाठी दुसरी दडपण्याचे कारण नाही. माणूस कोठून निघाला, हे घर सांगते. सत्तेवर असताना त्याला काय साधले, काय साधले नाही आणि का, हे सांगण्यास कागदच लागतात. ग्रंथांवर प्रेम करणाऱ्या यशवंतरावांना याची जाण असावी. ‘कृष्णाकाठ’मध्ये त्यांनी आपली जडणघडण स्वतः लिहिली आणि त्यांचा ग्रंथसंग्रह कराड येथील वेणूताई चव्हाण स्मारकात जतन झाला आहे.

आपल्या बाजूचे कागद कोण जपणार? सीमालढ्यातील पत्रके, ठराव, कात्रणे आणि तुरुंगातून आलेली पत्रे अनेक घरांच्या माळ्यांवर कसरीच्या तोंडी पडली आहेत. शताब्दीच्या या वर्षी सभासदांनी व आश्रयदात्यांनी ती ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत, ही नम्र विनंती.