शीळफाट्यावरून चिपकडे पाहताना

शीळफाट्याहून एक रस्ता महापेला जातो, दुसरा तळोज्याकडे. सप्टेंबर 2024 मध्ये याच तळोजा परिसरासाठी अदानी आणि इस्रायलच्या टॉवर कंपनीचा 83,947 कोटींचा चिप प्रकल्प राज्य सरकारने मंजूर केला. मे 2025 मध्ये बातमी आली, बोलणी थांबली. आमचे काही तरुण मित्र म्हणतात, भांडवलदार एवढा पैसा ओततात म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर त्यांचा विश्वास असणारच. आम्हाला हे पटत नाही.

तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प सप्टेंबर 2022 मध्ये गुजरातला गेला. आकडा 1 लाख 54 हजार कोटींचा. महाराष्ट्राच्या अस्मितेवरून केवढा गदारोळ झाला! जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनच बाहेर पडली. भांडण झाले ते कागदावरच्या कारखान्यासाठी.

डिसेंबर 2021 च्या 76,000 कोटींच्या केंद्रीय योजनेत पुढे मंजूर प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्राने उचलायचे ठरले. राज्याचे अनुदान वेगळे. जोखीम जनतेची असेल तर घोषणेला विश्वास कशाला लागतो? शिवाय टॉवरचा धंदा मुख्यतः ॲनालॉग चिपचा. एनव्हिडियाचे बडे प्रोसेसर तैवानच्या टीएसएमसीत बनतात. तिथला विश्वास खरा असेलही, तळोज्याच्या घोषणेने तो सिद्ध होत नाही.

आम्ही उद्योगविरोधी नाही. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगाने कमी होईल, हे बाबासाहेबांनी 1918 मध्येच लहान शेतजमिनींवरच्या निबंधात मांडले. म्हणूनच विचारतो, निम्मा पैसा जनतेचा, तर तिथल्या नोकरभरतीत आरक्षण का नाही?