शेवटी सारेच पांढरे बैल

यहुदी लोकांचे प्रकटीकरणपर वाङ्मय म्हटले की युगान्त, अग्नी आणि शत्रूंचा संहार एवढेच डोळ्यांसमोर येते. सेमिनरीत असताना आमचीही समजूत याहून निराळी नव्हती. 'हनोखाच्या पहिल्या ग्रंथा'तील पशूंचे स्वप्न (अध्याय ८५ ते ९०) वाचले, तेव्हा ती डळमळली. इथिओपियाच्या चर्चने आपल्या पवित्र शास्त्रात स्थान दिले म्हणून हा ग्रंथ गीझ भाषेत संपूर्ण टिकला; १९५२ साली कुमरानच्या गुहेत त्याचे अरेमाइक तुकडेही मिळाले.

इ.स.पू. १६७ मध्ये चौथ्या अंतियुखसाने यरुशलेमचे मंदिर विटाळले आणि मक्काबी बंधूंचा उठाव पेटला. स्वप्नातील मोठे शिंग फुटलेले मेंढरू म्हणजे यहुदा मक्काबी, असे अभ्यासक मानतात. ते अजून झुंजते आहे. यहुदा पडला इ.स.पू. १६० मध्ये. म्हणजे हे लिखाण ऐन रणधुमाळीतले.

या स्वप्नात मानवाचा इतिहास पशूंच्या रूपाने सरकतो. आदाम हा पांढरा बैल. अब्राहाम व इसहाकही तसेच. पण याकोब होतो मेंढरू आणि त्याचा भाऊ एसाव काळे रानडुक्कर! जलप्रलयानंतर बैलांच्याच वंशातून श्वापदे निपजतात. मिसरी लांडगे, पलिष्टी कुत्रे, तर ग्रीक हे मेंढरांचे डोळे टोचून काढणारे पक्षी.

न्यायनिवाडा कठोरच आहे. त्यातून आंधळी झालेली मेंढरे, म्हणजे बहकलेले स्वजनही, सुटत नाहीत. त्यानंतर जुने घर गुंडाळले जाऊन नवे, अधिक विशाल घर उभे राहते. उरलेली श्वापदे व पक्षी प्रथम मेंढरांपुढे नमतात. एवढ्यावर स्वप्न संपते, तर ती विजेत्याची नेहमीची कल्पना ठरली असती. परंतु मेंढरांना दिलेली तलवार परत घेऊन मोहोरबंद होते, सारे एका घरात जमतात आणि धनी आनंदतो. मग एक पांढरा बैल जन्मतो व सर्वांचे रूप पालटून सारेच पांढरे बैल होतात.

आमच्या मते मर्म येथे आहे. श्वापदांची मेंढरे होत नाहीत. मेंढरूपणही गळून पडते. राष्ट्रे इस्राएलमध्ये विरघळत नाहीत, दोघेही आदामाकडे परततात.

हा विचार पुढे सर्वमान्य झाला असे मात्र नाही. इ.स. ७० मध्ये मंदिर जळाले. त्यानंतर रचलेल्या 'चौथ्या एज्रा'त परराष्ट्रांना थुंकीची उपमा दिलेली आढळते. आणि तरीही त्याच ग्रंथातला एज्रा, नाश पावणाऱ्या बहुतांसाठी, देवदूताशी पुनःपुन्हा हुज्जत घालतो.