साथ एक, मरण निराळे

नोव्हेंबर महिना आपण मृतात्म्यांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. त्या निमित्ताने १९१८ सालच्या मुंबईतील इन्फ्लुएन्झाच्या बळींकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

जून महिन्यात गोदीवर नेमलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. ही साथ रात्रीच्या चोरासारखी आली, असे शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी लिहिले. थेस्सलनीकाकरांस लिहिणाऱ्या संत पॉलचीच ही उपमा! सप्टेंबरात दुसरी, अधिक घातक लाट आली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

चोर सर्वांच्या दारी आला. परंतु सर्वांची घरे सारखी लुटली गेली नाहीत. मुंबईत या तापाने दर हजारी युरोपियन ८.३ मेले, पारशी ९, हिंदी ख्रिस्ती १८.४, मुसलमान १९.२, आणि सरकारी नोंदीने ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले, ते ६१.६. युरोपियनांच्या सात पटींहूनही अधिक!

हा फरक रक्ताचा म्हणावा, तर त्याच महिन्यांत खुद्द युरोपात लाखो लोक याच तापाने मरत होते. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा आणि उशाशी पाणी देणारे माणूस, एवढाच उपचार. बंगल्यात तो मिळे. चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब एकदमच अंथरुणाला खिळले, तर पाणी कोणी द्यावे? त्यातच पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेले आणि कित्येक डॉक्टर महायुद्धावर गेलेले.

हिंदी ख्रिस्ती व युरोपियन यांचा बाप्तिस्मा एकच. तरी मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक. हा आकडा वाचून आम्ही व्यथित झालो. मग ध्यानी आले, की आमची नजर आधी आपल्याच समाजाच्या आकड्यावर गेली होती, ६१.६ वर नव्हे! ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारणारा शास्त्री आमच्यातही दडलेला आहे.

२०२० साली ‘अंतर राखा’ असे आम्हीही सांगितले. एका खोलीत सात जण राहणाऱ्यांनी ते कसे राखावे, हे विचारावयाचे मात्र राहून गेले. यंदा मृतांसाठी मेणबत्ती लावताना एक मेणबत्ती त्या ६१.६ साठी लावूया, आणि आपल्या धर्मग्रामातील अशा खोल्या कोठे आहेत, हे आजारपण येण्यापूर्वीच पाहून येऊया.