हाडे एकाची, ढाल दुसऱ्याची

जबलपूरच्या लष्करी छावणीला लागून बडा सिमला नावाची एक टेकडी आहे. नाव मोठे आणि टेकडी लहान! सिमल्याच्या बर्फाशी तिचा काडीचाही संबंध नाही. उन्हाळ्यात तिच्यावर उभे राहवत नाही, इतके तिचे दगड तापतात. पण एकदा जे नाव पडले ते पडले. या टेकडीच्या पोटातून निघालेल्या एका प्राण्याची कथाही अशीच नावाची कथा आहे. त्याला नाव मिळाले १९२३ साली, आणि त्यानंतर शंभर वर्षे शास्त्रज्ञ मंडळी एकमेकांना विचारीत आहेत की, हे नाव नेमके कोणाचे?

जबलपूरची ही टेकडी हाडांसाठी प्रथम गाजली ती १८२८ साली. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन साहेब वाचकांच्या परिचयाचा असेलच. त्याच स्लीमनला येथे दगड झालेली काही हाडे मिळाली. ती कोणाची, हे त्याला कळणे शक्यच नव्हते. ‘डायनोसॉर’ हा शब्दच मुळी जगात नव्हता. तो रिचर्ड ओवेन या इंग्रज पंडिताने १८४२ साली घडवला. हाडे हिंदुस्थानात, आणि त्यांचे नाव विलायतेत चौदा वर्षांनी जन्मायचे होते! त्या हाडांना स्वतःचे नाव मिळण्यास तर १८७७ साल उजाडावे लागले. लिडेकर नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ म्हटले. लांब मानेचा, लांब शेपटीचा, झाडपाला खाणारा हा एक अवाढव्य प्राणी होता.

ज्या खडकात ही हाडे मिळाली त्याला लमेटा म्हणतात. नर्मदेवर भेडाघाटाजवळ लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव. आपल्या काळ्या कातळाचे, म्हणजे लाव्हारसाचे थर पसरले, त्याच्या जरासे आधी नद्यांच्या आणि तळ्यांच्या काठी साचलेला हा गाळ. काळ म्हणाल तर सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा. नागपूरकरांनी हा खडक परका समजू नये. नागपूर जिल्ह्यातील नांदपासून चंद्रपूरकडील डोंगरगावापर्यंत तो पसरलेला आहे, आणि वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या शेतात नांगर धरणाऱ्याच्या पायाशी आजही दगडी हाडे लागतात. पिसदुऱ्याची हाडे प्रथम उजेडात आणली ती ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी. हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रचारासाठी पायी हिंडताना खिशात दगड भरून आणण्याचा त्यांना नाद होता. नागपूरच्या दक्षिणेस साठ मैलांवर मांगली येथे मिळालेली एका जलस्थलचर प्राण्याची कवटी विलायतेस गेली; तिला १८५५ साली ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव देणारा पंडित म्हणजे डायनोसॉर शब्दाचा जनक ओवेनच. पुढे १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना, रात्री पुराच्या पाण्यात हिस्लॉपसाहेबांचा अंत झाला.

आता आपल्या कथेच्या नायकाकडे वळू. चार्ल्स आल्फ्रेड मॅटले हा गृहस्थ व्यवसायाने सरकारी हिशेब खात्यातला, आणि हौसेने भूगर्भशास्त्रज्ञ. आकड्यांचे बाड तपासून झाले की हा हातोडा घेऊन डोंगरात शिरायचा. पहिले महायुद्ध चालू असताना तो जबलपुरास आला आणि १९१७ ते १९१९ या काळात त्याने बडा सिमला खणून काढला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे दुर्गाशंकर भट्टाचार्य त्याच्या जोडीला होते. तेव्हा जबलपूर मध्यप्रांतात, आणि त्या प्रांताची राजधानी आपले नागपूर. म्हणून लमेटाच्या हाडांवरचे जुने ग्रंथ चाळले की मथळ्यावर मध्यप्रांताचेच नाव दिसते.

टेकडीच्या एका थरात मांसाहारी डायनोसॉरांची हाडे दाटीने मिळाली. मॅटलेने त्या थराचे नावच ‘मांसभक्षकांचा थर’ अशा अर्थाचे ठेवले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा तंटा येथूनच उठला आहे. याच थरात त्याला कमरेच्या मणक्यांचा एकत्र जुळलेला तुकडा, खुब्याची दोन हाडे, एक नडगी, काही काटे, आणि कवचाच्या पुष्कळ चकत्या मिळाल्या. चकत्या म्हणजे कातडीत वाढणारे हाडाचे खवले. मगरीच्या पाठीवरचे खडबडीत उंचवटे ज्याने पाहिले असतील त्याला कल्पना येईल.

चिलखत घातलेले डायनोसॉर शास्त्राला नवे नव्हते. ओवेनने ज्या तीन प्राण्यांवरून डायनोसॉर हा वर्ग कल्पिला त्यांतला एक, हायलिओसॉरस, असाच कवचधारी होता. हे प्राणी पाला खाणारे, बुटके, चार पायांवर सावकाश चालणारे. दात आणि नखे यांत जोर नाही. म्हणून निसर्गाने पाठ झाकून दिली. कासवाला ढाल असते तसे. तेव्हा जेथे चकत्या तेथे चिलखती डायनोसॉर, हे समीकरण मॅटलेच्या काळी कोणालाही सरळ वाटले असते. १९२१ साली त्याने या प्राण्याची वार्ता छापली आणि १९२३ साली त्याचे बारसे केले. लमेटा हे कुलनाम, इंडिकस हे पाळण्यातले: ‘लमेटासॉरस इंडिकस’, म्हणजे लमेटाचा, हिंदुस्थानचा सरडा. कंबर, खुबे, नडगी, काटे, चकत्या, हा सगळा संसार त्याने एकाच प्राण्याच्या नावे लिहून टाकला.

शास्त्रात नाव देणे म्हणजे नुसते हाक मारणे नव्हे. शाळेत मूल दाखल होते तेव्हा दाखल-खारीज रजिस्टरात त्याचे नाव लिहितात. बाप जे सांगेल ते गुरुजी लिहितात. एकदा शाई वाळली की मॅट्रिकच्या दाखल्यापर्यंत तेच नाव चालते. मधे एखादा काना कमी झाला तर मुलाला जन्मभर अर्ज करीत फिरावे लागते. प्राण्यांच्या नावांचेही असेच एक जागतिक रजिस्टर आहे असे समजा. नाव ज्या हाडांवरून दिले ती हाडे त्या नावाची मालक. पुढे कितीही ग्रंथ निघोत, वाद पडला की त्या मूळ हाडांपाशी परत यावे लागते. पण मूळ हाडेच दोन प्राण्यांची निघाली तर?

हा प्रश्न उभा केला काशीच्या हिंदू विश्वविद्यालयातले डी. के. चक्रवर्ती यांनी. १९३५ साली अमेरिकेच्या एका मान्यवर शास्त्रीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्याचा मथळाच प्रश्नार्थक होता: लमेटासॉरस इंडिकस हा चिलखती डायनोसॉर आहे काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. कंबर, खुबे आणि नडगी ही मांसभक्षकाची आहेत. चकत्यांशी त्यांचे नाते नाही. या विषयातले जाणकार खुब्याच्या हाडाला फार मानतात. चिलखती प्राण्याचा खुबा आडवा, घराच्या पाख्यासारखा दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, कारण वरचे सगळे ओझे त्याला पेलायचे असते. मांसभक्षकाचा खुबा उभा, पात्यासारखा असतो, धावणाऱ्या मांडीचे स्नायू त्याला बांधलेले असतात. आणि चकत्यांची गोष्ट तर त्याहून सोपी. त्या सांगाड्याला जोडलेल्या नसतात, कातडीत असतात. प्राणी मेला, कातडी कुजली की सुट्या होतात आणि नदीचे पाणी त्यांना वाटेल तिथे नेऊन टाकते. जत्रेत चुकलेली मुले एका ओट्यावर आणून बसवावीत, म्हणून ती भावंडे होत नाहीत.

परतंत्र देशातल्या एका अध्यापकाने विलायती नामकरणावर असे बोट ठेवावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मॅटले १९३२-३३ च्या हिवाळ्यात पुन्हा येऊन खणून गेला होता, आणि जर्मनीतल्या ट्युबिंगेनचा नामांकित पंडित फॉन ह्युने याच्यासह त्याने १९३३ साली मध्यप्रांताच्या डायनोसॉरांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्या ग्रंथात बडा सिमल्याच्या एका मांसभक्षकाला ‘इंडोसॉरस मॅटलेयी’ असे नाव आहे. ज्याने मांसभक्षकाची कंबर शाकाहाऱ्याला बहाल केली, त्याचे स्वतःचे नाव मांसभक्षकालाच चिकटावे! आणि गंमत येथेच संपत नाही. खुद्द चक्रवर्तींनी आदल्याच वर्षी, १९३४ साली, जबलपूरच्याच दंडाच्या एका हाडावरून ‘ब्रॅकिपोडोसॉरस ग्रेव्हिस’ नावाचा एक चिलखती डायनोसॉर जाहीर केला होता. त्या हाडाच्या कुळाबद्दलही आज शंकाच घेतली जाते. पण दुसऱ्याची चूक दाखवण्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही, आणि १९३५ चे त्यांचे म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले आहे.

तंट्याचा निकाल १९६४ साली ॲलिक वॉकर या इंग्रज शास्त्रज्ञाने दिला. मूळ हाडे सरमिसळ निघाली तर त्यांतला एक भाग नावाचा खरा धनी म्हणून निवडावा, असा शास्त्राचा कायदा आहे. वॉकरने चकत्यांना धनी केले. घरच्या वाटणीत थोरल्याला वाडा आणि धाकट्याला नुसती पाटी मिळावी, तसे झाले. कंबर, खुबे आणि नडगी निनावी झाली, आणि ‘लमेटाचा सरडा’ हे भारदस्त नाव मूठभर खवल्यांकडे राहिले.

बरे, खवले तरी चिलखती डायनोसॉराचे आहेत का? येथे कथा मादागास्करला जाते. १८९६ साली शार्ल देपेरे या फ्रेंच शास्त्रज्ञाने मादागास्करातल्या हाडांवरून लिहिले की, लांब मानेच्या टायटॅनोसॉरांच्या अंगावरही चकत्या असाव्यात. त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. एवढ्या डोंगराएवढ्या प्राण्याला चिलखत कशाला, असे वाटले असावे. पण १९८० साली अर्जेंटिनातल्या साल्टासॉरसने देपेरेची बाजू खरी ठरवली. लांब मानेचा तो प्राणी चकत्यांसह सापडला. मादागास्कर आणि हिंदुस्थान हे एके काळी एकाच भूखंडाचे शेजारी, आणि टायटॅनोसॉर तर बडा सिमल्याचे जुने रहिवासी. २००९ साली डेमिक, विल्सन आणि शंकर चटर्जी यांनी लमेटा खडकातली एक चकती निःसंशय टायटॅनोसॉराची असल्याचे दाखवून दिले. तेव्हा मॅटलेच्या चकत्यांपैकी काही तरी स्लीमनला सापडलेल्या प्राण्याच्या भाऊबंदांच्या असाव्यात, असे मानायला जागा आहे. काहींना त्यांत मगरही दिसते.

निनावी झालेल्या कमरेलाही आप्त मिळाले आहेत. गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातील रहिओली येथे १९८२ ते १९८४ मध्ये सर्वेक्षण खात्याच्या सुरेश श्रीवास्तवांनी जमवलेल्या हाडांवरून २००३ साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा मांसभक्षक उभा राहिला. कपाळावर शिंगासारखा उंचवटा असलेला हा नर्मदेचा राजा. मॅटलेची कंबर याच कुळातल्या प्राण्याची असावी असे जाणकार म्हणतात. मग शेजारी शेजारी ठेवून पडताळा घ्यावा की नाही? तो घेता येत नाही. ज्या हाडांवरून एवढे रामायण घडले, ती कंबर, ते खुबे संग्रहात आढळत नाहीत. उरली आहेत ती मॅटलेच्या लेखातली चित्रे आणि वर्णने. कोर्टात दावा पडावा आणि मूळ दस्तऐवजच गहाळ व्हावा, अशी ही अवस्था आहे.

दस्तऐवज सापडतातही, हे मात्र खरे. लिडेकरने टायटॅनोसॉरस ज्यावरून नाव दिले, तो शेपटीचा मणका असाच कित्येक वर्षे बेपत्ता होता. नागपुरात दीर्घकाळ काम केलेले भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांना तो २०१२ साली कलकत्त्यात, सर्वेक्षण खात्याच्याच संग्रहात मिळाला. स्लीमनच्या काळची ती ठेव खात्याच्या घरातच होती. ती कोणती, हे ओळखणारे डोळे तेवढे तिच्यापर्यंत पोहोचायचे होते.

हिंदुस्थानात खरा चिलखती डायनोसॉर होता की नाही, हा प्रश्न त्यामुळे बडा सिमल्यावर सुटलेला नाही. त्याचा माग आता आपल्या बाजूला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात लागतो आहे. सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे खेडे आहे. तेथल्या खडकाला त्या गावाचेच नाव मिळाले आहे, आणि तो लमेटाहून दहा कोटी वर्षांनी जुना आहे. नदीपलीकडच्या, तेव्हाच्या आंध्रातल्या याच खडकातून सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली चिलखती डायनोसॉराच्या चकत्या जाहीर केल्या, आणि २०१९ साली पीटर गॅल्टन या अभ्यासकाने त्या पुन्हा तपासून त्यांना या जातीच्या प्राण्यांचा जगातला सर्वांत जुना पुरावा म्हटले आहे.