‘नाइस’ची ७०० वर्षं

इंग्रजीतला एक शब्द असा आहे की, जो इंग्रजीच्या वर्गात कधी न बसलेल्या माणसाच्या तोंडीही सहज येतो. नवी साडी असो, नातवाचा फोटो असो की वाढदिवसाचा केक, आपण ‘नाइस’ म्हणून मोकळे होतो. या एवढ्याशा विशेषणाचा इतिहास मला आज सांगायचा आहे. त्याला कारणही आहे. आयुष्यभर मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. चार वाक्यं नीट बोलता येत असूनही ‘चुकलं तर?’ या धास्तीनं तोंड न उघडणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवणाऱ्या पिढ्यांपासून आजच्या मुलांपर्यंत ही धास्ती वारशानं चालत आली आहे. ती कितपत बाळगावी, हे ‘नाइस’च्या कुंडलीवरून चांगलं कळतं.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधलं ‘नेस्कियुस’. त्यातला ‘ने’ म्हणजे आपला ‘न’, आणि पुढचा भाग ‘जाणणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. म्हणजे ‘नेस्कियुस’ म्हणजे न जाणणारा, आपल्या संस्कृतातला ‘अज्ञ’. गंमत अशी की, ‘सायन्स’ हा शब्दही त्याच क्रियापदापासून निघाला. एक भाऊ जाणणारा, दुसरा न जाणणारा! १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. त्या ओघात इसवी सन १३०० च्या सुमारास ‘नाइस’ इंग्रजीत रुजला, तो ‘मूर्ख’ या अर्थानं. १४०० मध्ये वारलेल्या चॉसर या कवीच्या लेखनात तो अर्थ सापडतो. त्या काळी कुणाला ‘नाइस’ म्हणालात, तर भांडणच व्हायचं.

पुढच्या २००-३०० वर्षांत या शब्दानं अनेक वेष बदलले. भपकेबाज, लाजाळू, चोखंदळ, नाजूक, सूक्ष्म, काटेकोर असे कितीतरी अर्थ त्याला चिकटले. ते एकामागून एक शिस्तीत आले नाहीत, एकाच घरात भाऊबंदांसारखे नांदत होते. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये धर्मगुरू लॉरेन्स म्हणतो की, न पोचलेलं पत्र ‘नाइस’ नव्हतं. तिथे त्याला ‘क्षुल्लक’ असं म्हणायचं आहे. आजचा अर्थ तिथे लावला, तर त्या नाटकातली सारी शोकांतिका हातातून निसटते.

‘छान’ हा अर्थ बोलण्यात रुळला तो अठराव्या शतकात, आणि लगेच विद्वानांच्या कपाळाला आठ्या पडल्या. याचा सुरेख पुरावा जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत आहे. ऑस्टेन जुलै १८१७ मध्ये वारली आणि कादंबरी त्याच डिसेंबरात बाहेर पडली. त्यात कॅथरीन नावाची सतरा वर्षांची भोळी मुलगी बाथ शहराजवळच्या टेकडीवर फिरायला जाते. ‘उडोल्फो’ ही त्या वेळची गाजलेली कादंबरी जगातली सगळ्यात ‘नाइस’ नाही का, असं ती हेन्री टिल्नीला विचारते. हेन्री मिश्कील. तो म्हणतो, म्हणजे नीटनेटकी ना? मग ते बांधणीवर अवलंबून! कॅथरीन बिचारी गोरीमोरी होते. वाईट काही बोलायचं नव्हतं, पण पुस्तक ‘नाइस’ आहे तर तसं का म्हणू नये, असं ती विचारते. त्यावर हेन्री आणखी थट्टा करतो की, आजचा दिवस नाइस, फिरणं नाइस, तुम्ही दोघी मुलीही नाइस, सगळ्याला हा एकच शब्द पुरतो. त्याआधीच त्याची बहीण मध्ये पडून कॅथरीनला म्हणालेली असते, तो शब्द बदल, नाहीतर हा डॉक्टर जॉन्सन आणि ब्लेअर यांचे दाखले देऊन आपल्याला नमवेल. जॉन्सन म्हणजे १७५५ चा प्रसिद्ध कोशकार, आणि ब्लेअर म्हणजे वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक.

या प्रसंगात मला एक गोष्ट नेहमी जाणवते. चूक काढणारा सुशिक्षित पुरुष आहे, त्याच्या पाठीशी कोश आहेत. जिची चूक निघते ती खेड्यातून आलेली मुलगी आहे. पुढे १९२६ मध्ये फाउलर यांचा इंग्रजी लेखनशुद्धीचा विख्यात ग्रंथ निघाला. त्यातही या शब्दाचं तेज गेल्याचा ठपका बायकांच्या बोलण्यावरच ठेवलेला आहे. आणि शेवटी झालं काय? हेन्री हरला, कॅथरीन जिंकली. आज रोजच्या वापरातला कोश उघडा, बहुधा ‘छान, सुखद’ हाच अर्थ पहिल्या रांगेत बसलेला दिसेल.

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? ‘मस्त’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ नशेत धुंद. आज आपण आमटीलाही मस्त म्हणतो, आणि जुना अर्थ ‘मस्तवाल’मध्ये जाऊन बसला आहे. ‘साहस’ हा याज्ञवल्क्यस्मृतीत बळजबरीच्या गुन्ह्याचा प्रकार होता. आज साहसाबद्दल शाबासकी मिळते. शब्द असेच चालतात.

मग काहीही लिहावं, सगळंच बरोबर, असं आहे का? मुळीच नाही. शब्दाचा अर्थ बदलतो तो शेकडो माणसांच्या तोंडून, एकट्याच्या लहरीनं नाही. आज ‘नाइस’ वापरायचा तर आजचे संकेत पाळायला हवेत. फुलाचा वास छान येतो, हे सांगताना ‘स्मेल्स नाइस’ म्हणायचं, ‘नाइसली’ नाही, कारण तिथे वर्णन फुलाचं आहे, वास येण्याच्या रीतीचं नाही. तुम्ही आलात हा तुमचा चांगुलपणा, हे ‘नाइस ऑफ यू’; माझ्याशी ती चांगली वागते, हे ‘नाइस टु मी’. ‘त्याचा स्वभाव छान आहे’ याचं आपण ‘हिज नेचर इज नाइस’ करतो, ते मराठी वळण. इंग्रज सरळ ‘ही इज नाइस’ म्हणून थांबतो. आणि हुशार विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात नुसतं ‘नाइस’ लिहिलंत, तर त्याचं नुकसानच कराल, कारण तिथे तो शब्द फिका पडतो. हेन्रीच्या थट्टेत एवढं तथ्य आहेच.

जुना अर्थही पुरता मेलेला नाही. न्यायालयाच्या निकालपत्रात ‘नाइस डिस्टिंक्शन’ असे शब्द आले, तर न्यायमूर्तींनी त्या फरकाला छान म्हटलेलं नसतं. फरक बारीक आहे, जपून पाहा, असं त्यांना सांगायचं असतं. ज्याला एकच अर्थ ठाऊक, तो तिथे फसतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगत आलो. वाचताना शब्दाचं वय विचारा, म्हणजे पुस्तक कोणत्या काळातलं ते पाहा. आणि बोलताना समोरच्याला तुमचा अर्थ पोचला का, ते पाहा. तो पोचला असेल, तर हसणाऱ्याला हसू द्या. ‘मूर्ख’पासून निघून ‘छान’पर्यंत आलेला शब्द ज्या भाषेनं आनंदानं नांदवून घेतला, तिच्यापुढे तोंड उघडायला आपण का घाबरावं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)