नाणेफेक नाकारणारे दोघे

मोटारींची शर्यत म्हटली म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर जमिनीलगत धावणारी, उघड्या चाकांची, एकाच माणसाला जेमतेम सामावून घेणारी चिंचोळी गाडी उभी राहते. परंतु इंग्लंडमध्ये या खेळाची दुसरीही एक लोकप्रिय शाखा आहे. तीत धावतात त्या घरगुती वापराच्या, चार दारांच्या, मागे मुलेबाळे बसवून बाजारहाटाला न्यावयाच्या गाड्या. जी गाडी आपल्या दारात उभी असते, तिच्याच जातीची गाडी मैदान गाजविते, याचे प्रेक्षकांना मोठे कौतुक वाटते. या सलून मोटारींची ब्रिटनमधील अजिंक्यपदाची स्पर्धा १९५८ साली सुरू झाली. तिचा पहिला विजेता जॅक सिअर्स. त्याने हे पद ज्या रीतीने मिळविले, ती रीत त्या पदाहूनही अधिक स्मरणीय आहे.

सिअर्स याचा जन्म १९३० साली नॉर्थॅम्प्टन येथे झाला. जुन्या मोटारींचा संग्रह करणाऱ्या वडिलांच्या घरात तो वाढला, आणि गाड्यांचे वेड त्याला वारशानेच मिळाले. पुढे तो नॉरफॉक परगण्यात शेती करू लागला. शेती हा त्याचा व्यवसाय आणि शर्यत हा छंद. मात्र हा छंद त्याने व्यवसायाच्या गांभीर्याने जोपासला. स्वभावाने तो इतका सौम्य व सभ्य होता, की शर्यतीच्या वर्तुळात त्याला ‘जंटलमन जॅक’ असेच म्हणत.

१९५८ च्या स्पर्धेचा नियम असा होता, की गाड्यांचे त्यांच्या इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे वर्ग पाडावयाचे आणि प्रत्येक वर्गातील पहिल्याला सारखेच गुण द्यावयाचे. हेतू न्याय्य होता. लहान गाडीवाल्याने मोठ्या गाडीशी झुंजून हरावे आणि त्यातच त्याचे कौशल्य मातीमोल व्हावे, असे घडू नये, हा तो हेतू. सिअर्सजवळ ऑस्टिन वेस्टमिन्स्टर होती. सहा सिलिंडरांची, सुमारे २.६ लिटरची, प्रशस्त आणि काहीशी अवजड. त्याचा प्रतिस्पर्धी टॉमी सॉपविथ याच्याकडे ३.४ लिटरची जॅग्वार होती. विमानविद्येच्या इतिहासात प्रसिद्ध असलेल्या सर टॉमस सॉपविथ यांचा हा मुलगा. दोघे वेगवेगळ्या वर्गांत असल्यामुळे शर्यत एकाच वेळी धावूनही त्यांचा खरा सामना असा कधी होतच नव्हता. आपापल्या वर्गात दोघेही जिंकत गेले, आणि मोसम संपला तेव्हा दोघांचेही गुण ४८ झाले.

आता काय करावयाचे? नियमांनी दोघांना समान न्याय दिला होता. पण त्यामुळेच निर्णय मात्र राहून गेला होता. तेव्हा अशी सूचना पुढे आली, की नाणे उडवावे आणि जो जिंकेल त्याला अजिंक्य ठरवावे. व्यवस्थापकाच्या दृष्टीने हा मार्ग सोयीचा होता. त्यात खर्च नाही, वेळ नाही, पक्षपाताचा आरोप नाही. परंतु दोघाही चालकांना तो रुचला नाही. वर्षभर कौशल्याने मिळविलेले अखेरीस नशिबाच्या हाती सोपवावे, हे त्यांना पटेना. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की नाणेफेकीत दोघांनाही जिंकण्याची संधी अगदी बरोबरीची होती. तरीही त्यांनी ती नाकारली. समान संधी आणि न्याय या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात, हे त्यांना नियम करणाऱ्यांपेक्षा अधिक चांगले कळले होते.

मग एक नवीनच तोड निघाली. दीड लिटरच्या दोन एकसारख्या रायली गाड्या आणावयाच्या. ब्रँड्स हॅच येथील मैदानावर केवळ या दोघांनीच शर्यत धावावयाची. ती संपली, की गाड्यांची अदलाबदल करून पुन्हा धावावयाचे आणि दोन्ही शर्यतींच्या वेळांची बेरीज करावयाची. एक गाडी दुसरीहून तसूभर चांगली असली, तरी तिचा लाभ दोघांनाही एकेकदा मिळणार. आपल्याकडे दोन भावांच्या वाटणीत एकाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आपला वाटा आधी उचलावा, असा जो शहाणपणाचा प्रघात आहे, त्याच्याशी या योजनेचे नाते जवळचे आहे. कोणाच्या सचोटीवर विसंबण्याची गरजच तीत उरत नाही.

ऑक्टोबर महिन्यातील त्या दिवशी पाऊस पडत होता. ओल्या रस्त्यावर गाडीची शक्ती फारशी कामाची नसते. तेथे कस लागतो तो चालकाच्या हाताचा आणि धीराचा. पहिली शर्यत सॉपविथने जिंकली. गाड्या बदलल्या आणि दुसरी सिअर्सने जिंकली. वेळांची बेरीज केली, तेव्हा सिअर्स १.६ सेकंदांनी पुढे असल्याचे आढळले. साऱ्या मोसमाचा निकाल लागला तो एवढ्या अंतराने. पापणी लवावी इतकाच हा काळ. पण तो नाण्याने नव्हे, दोन माणसांनी ठरविला होता.

पराभवाने सॉपविथच्या मनात कटुता राहिली नाही. तो लवकरच चालकाची जागा सोडून आपल्या संघाच्या कारभारात लक्ष घालू लागला आणि त्या संघाच्या गाड्या चालविण्यास त्याने सिअर्सलाच बोलाविले. ज्याच्याकडून आपण हरलो त्याच्या हाती आपली गाडी देणे, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

१९६३ साली सिअर्सने तेच अजिंक्यपद पुन्हा मिळविले. या वेळी त्याने एकाच मोसमात फोर्डच्या निरनिराळ्या गाड्या चालविल्या: लहानशी कॉर्टिना जीटी, तिची अधिक चपळ बहीण लोटस कॉर्टिना आणि सात लिटरची प्रचंड अमेरिकन गॅलॅक्सी. मे महिन्यात सिल्व्हरस्टोन येथे या गॅलॅक्सीने जॅग्वार गाड्यांना मागे टाकले, आणि या शर्यतींतील जॅग्वारचे अनेक वर्षांचे वर्चस्व ढळले. गाड्यांच्या आकारांत एवढे अंतर असूनही सिअर्स प्रत्येकीत सारखाच सहज बसला. ब्रँड्स हॅचच्या पावसात जे दोन सारख्या गाड्यांनी सिद्ध केले होते, तेच आता असमान गाड्यांनी सिद्ध केले.

१९६४ साली त्याचे नाव एका वादातही आले. ल मान्सच्या शर्यतीसाठी तयार केलेली ए. सी. कंपनीची गाडी त्याने एका पहाटे एम-१ महामार्गावर तासाला १८५ मैल, म्हणजे सुमारे २९८ किलोमीटर, वेगाने पळवून पाहिली. महामार्गावर तेव्हा वेगमर्यादा नव्हती. त्यामुळे कायदा मोडला गेला नाही. पण वृत्तपत्रांत गहजब झाला. डिसेंबर १९६५ मध्ये ताशी ७० मैलांची मर्यादा घालण्यात आली, तेव्हा तिचे खापर अनेकांनी सिअर्सवर फोडले. वास्तविक त्या निर्णयामागे त्या वर्षी धुक्यात झालेले अपघात हे मुख्य कारण होते. त्याच वर्षी एका चाचणीच्या वेळी सिअर्सला स्वतःलाच गंभीर अपघात झाला आणि त्याची शर्यतीची कारकीर्द संपली.

परंतु या दोन प्रतिस्पर्ध्यांची कथा येथे संपत नाही, आणि तिचा पुढील भाग थेट मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी प्रचंड मोटारशर्यत योजण्यात आली. ती कल्पना ज्यांच्या बैठकीत जन्मली त्यांत सॉपविथ होता, आणि तिचा कार्यवाह म्हणून मार्ग आखणारा होता सिअर्स. २४ नोव्हेंबर रोजी ९८ गाड्या लंडनहून निघाल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि दिल्ली असा मार्ग आक्रमीत त्यांपैकी ७२ मुंबईस पोहोचल्या. भारतातील रस्त्यांवर दुतर्फा लोटलेली गर्दी पाहून चालक थक्क झाले. मुंबई बंदरात ‘चुसान’ या आगबोटीवर गाड्या चढल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या वाटेला लागल्या. दहा वर्षांपूर्वी सेकंदाच्या अंशांसाठी झुंजलेल्या दोघांनी आता इतरांसाठी सात हजार मैलांची वाट तयार केली होती.

२०१३ सालापासून ब्रिटनच्या या अजिंक्यपद स्पर्धेत सिअर्सच्या नावाने एक चषक दिला जातो. तो पाहण्यास तो हयात होता. २०१६ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच्या विजयांची यादी पुष्कळ मोठी आहे. तिच्या आरंभी मात्र एक नकार आहे, आणि त्यात पराभूताचा वाटा विजेत्याइतकाच आहे. सॉपविथने नाणेफेक पत्करली असती तर कदाचित अजिंक्यपद त्याचे झाले असते. त्याने ते पद गमावले. पण निकाल न्याय्य आहे, असे म्हणण्याचा अधिकार मात्र दोघांनीही कमावला.